‘सुरक्षा रक्षक’ गेटवर ठीक, प्रेसवर नको

नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात सेफ्टीचं काम पाहणाऱ्या वाचकांचा प्रश्न आहे. मशीनवर मराठी पाट्या लावायच्या आहेत आणि भाषांतर होऊन आलेल्या यादीत सेफ्टी गार्डला (म्हणजे मशीनच्या हलत्या भागावरच्या आवरणाला) ‘सुरक्षा रक्षक’, इमर्जन्सी स्टॉपला ‘आपत्कालीन थांबा’, लाइट कर्टनला ‘प्रकाश पडदा’, इंटरलॉकला ‘आंतरबंध’ आणि सेन्सरला ‘संवेदक’ असे शब्द आहेत. ते चालतील का?

पहिला तर अजिबात नाही. सुरक्षा रक्षक गेटवर बसून गाड्यांचे नंबर वहीत लिहितो. घोळ होतो तो सेफ्टी आणि सिक्युरिटी दोन्हींना आपण ‘सुरक्षा’च म्हणतो म्हणून. कामगारांच्या अपघातांची काळजी वाहायला १९६६ साली स्थापन झालेली ती राष्ट्रीय सुरक्षा परिषद, आणि देशाच्या शत्रूंचा विचार करणारी तीही राष्ट्रीय सुरक्षा परिषद! मशीनपुरतं ‘सुरक्षितता’ म्हणावं, पण गार्डला तेही कशाला? पट्ट्यावर झाकण असतं, चेनभोवती जाळी असते. सातपूरच्या कुठल्याही वर्कशॉपात हे शब्द कळतात. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ चं कलम २१ सांगायचं की धोकादायक भाग पक्के बंदिस्त हवेत आणि ते आवरण मशीन चालू असताना जागेवर हवं. पाटीवर एवढंच पुरे: ‘जाळी काढून मशीन चालवू नका.’

‘आपत्कालीन थांबा’ वाचून मला एसटीचा विनंती थांबा आठवतो. शिवाय ‘थांबा’ आज्ञार्थीही वाचता येतं, आणि इथे तर माणसाने थांबायचं नसून धावत जाऊन बटण दाबायचं असतं. पिवळ्यावरच्या त्या लाल बटणाला सगळे ‘इमर्जन्सी’ म्हणतात, तेच लिहा. खाली जोडा: ‘दाबा, मशीन बंद होईल.’ दाबल्यावर ते अडकून राहतं, मुद्दाम सोडवावं लागतं. आणि नुसतं सोडवल्याने मशीन सुरू होता कामा नये.

खरी अडचण ‘प्रकाश पडदा’ची. मराठीत पडदा म्हणजे आडोसा. लाइट कर्टन कशालाच आड येत नाही. समोरासमोरच्या दोन उभ्या पट्ट्यांमधून अवरक्त किरण जातात, ते डोळ्यांना दिसतही नाहीत. हात मध्ये आला, किरण तुटला, की थांबण्याचा हुकूम मशीनला जातो. तो हुकूम पाळायला मशीनला वेळ लागतो. आयएसओ १३८५५ या आंतरराष्ट्रीय मानकात हाताचा वेग सेकंदाला २००० मिलिमीटर धरतात. किरण तुटल्यापासून प्रेस (पत्रा दाबून आकार देणारं मशीन) पूर्ण थांबेपर्यंत ०.२ सेकंद जात असतील, तर १४ मिलिमीटरचा, म्हणजे बोट ओळखणारा, कर्टनही डायपासून, म्हणजे साच्यापासून, निदान ४०० मिलिमीटर लांब हवा. आणि जुन्या ‘रोलिंग-की’ क्लचच्या प्रेसवर तो लावणं व्यर्थ, कारण तिथे एकदा सुटलेला स्ट्रोक (प्रेसचा खाली-वर फेरा) मध्येच थांबत नाही, पूर्ण होऊनच राहतो. उडालेला तुकडाही किरणांमधून सरळ अंगावर येईल. ‘पडदा’ म्हटल्यावर यातलं काहीच सुचत नाही, उलट आडोशाला उभं असल्याचा भास होतो. लेखात मी ‘किरणपहारा’ लिहीन (पहारेकरी निदान हाक तरी मारतो), पण पाटीवर कर्टनच ठेवा: ‘कर्टन हात अडवत नाही. लाल दिवा असताना मशीन चालणार नाही.’ दिव्याचा रंग मात्र आपल्या मशीनवर तपासून लिहा.

‘आंतरबंध’ ऐकून कुणाच्या डोळ्यांपुढे काही येत असेल, असं वाटत नाही. इंटरलॉक दोन तऱ्हांचे असतात आणि मराठी वाक्य तो फरक झकास दाखवतं. एक: ‘दार उघडलं की मशीन थांबतं.’ दुसरा: ‘मशीन थांबल्याशिवाय दार उघडत नाही.’ दुसऱ्यात दाराला कुलूप असतं, कारण चक किंवा स्पिंडलसारखा जड फिरता भाग वीज तोडल्यावरही काही वेळ फिरत राहतं. पहिल्या तऱ्हेच्या मशीनवर दुसरं वाक्य लावलं तर ती पाटी थेट खोटं बोलते. तेव्हा नाव ‘इंटरलॉक’ राहू द्या, पण या दोनांतलं कुठलं वाक्य लागू आहे ते मेंटेनन्सच्या माणसाला विचारूनच रंगवायला द्या.

यादीत नसलेल्या टू हँडच्या, म्हणजे दोन हातांनी दोन बटणं दाबूनच मशीन चालवायच्या सोयीच्या, पाटीला ‘दोन्ही बटणं एकदमच दाबा’ हे पुरेसं आहे. दोन दाबांमध्ये अर्ध्या सेकंदाहून जास्त अंतर पडलं तर नियमाप्रमाणे केलेलं मशीन चालतच नाही, त्यामुळे एक बटण चिंधीने बांधून ठेवायची युक्तीही तिथे फुकट जाते.

राहिला ‘संवेदक’. पाठ्यपुस्तकात शोभतो, मला आवडतोही. पण कारखान्यात नग मोजणारी प्रॉक्सीही (वस्तू जवळ आल्याचं ओळखणारा स्विच) सेन्सर आणि हात ओळखणारं उपकरणही सेन्सर. ‘सेफ्टी सेन्सर’ एवढंच लिहून मोकळे होऊ नका. तो काय पाहतो ते लिहा: दाराचा सेन्सर, हाताचा सेन्सर, मॅटचा (पाय पडला की ओळखणाऱ्या चटईचा) सेन्सर. आणि सगळीकडे ‘करू नये’ऐवजी ‘करू नका’; ‘नये’ परिपत्रकाच्या थाटाचं, ते कुणाला उद्देशून आहे हेच कळत नाही.