तेल म्हणतात, पण तेल नव्हे

प्रश्न : गाडी २०१७ ची. गेल्या महिन्यात कराडहून गुहागरला निघालो होतो. गाडीत पाच माणसं, टपावर सामान. कुंभार्ली घाट निम्मा उतरल्यावर ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं आणि शेवटच्या वळणांना पार तळाला गेलं. हँडब्रेक ओढत, देवाचं नाव घेत कसेबसे पोफळीत पोचलो. चहा घेऊन अर्ध्या तासाने बघतो, तर पेडल पहिल्यासारखं कडक! चिपळुणात गॅरेजला दाखवलं, ते म्हणाले, ब्रेक ओके आहेत. मग झालं काय? ब्रेक ऑइल कधी बदलल्याचं आठवत नाही.

उत्तर : शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, मी मात्र तिथेच थांबलो.

चिपळूणचा मेकॅनिक खोटं बोलला नाही. गाडी त्याच्यापुढे आली तेव्हा ब्रेक खरंच ठीक होते. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. झाकणातून, रबरी होजमधून, हळूहळू. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ओलीला तोटा नाही. ब्रेक ऑइलचे डॉट ३, डॉट ४ असे दर्जे असतात. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतं. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की १४० लाच उकळू शकतं. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. भरलेल्या गाडीत घाटभर पाय ब्रेकवर ठेवलात, चाकाची डिस्क तापली, तिला चिमटीत धरणारा कॅलिपर तापला, आतलं ऑइल उकळलं. द्रव दाबून दबत नाही, वाफ दबते. तुम्ही पेडल मारत होता ते वाफेवर. चहा होईपर्यंत सगळं निवलं, वाफ जिरली, पेडल कडक.

आता ऑइल कुठलं? बॉनेटखाली ब्रेक ऑइलचा डबा असतो, त्याच्या झाकणावर लिहिलेलं असतं, तेच. डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ घातलं तर चालतं. उलट करू नका. डॉट ५.१ ही या दोघांच्याच जातीचं, पण नुसतं डॉट ५ म्हणजे सिलिकॉन, त्याला यांच्यात मिसळायचं नाही. एका पॉइंटच्या फरकाने जात बदलते, हे नाव ठेवणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार. आणि बाटली सीलबंद हवी. मागच्या वर्षीची अर्धी उरलेली आणून देऊ नका, ती कपाटात बसून पाणी प्यायलेली असते.

दर दोन वर्षांनी बदला. बदला म्हणजे डब्यातलं काढून वरून नवं ओता असं नव्हे. उकळलं ते चाकापाशी, डब्यात नव्हे. आमच्याकडे पोऱ्या आत ब्रेकच्या पेडलपाशी बसतो, मी चाकाशी. चाकामागे ऑइल सोडायचं निपल असतं, त्याला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीत. 'दाब... धर.' पाना फिरवला की आधी कडक चहासारखं काळपट येतं, मध्ये बुडबुडे, मग हळूहळू मधाच्या रंगाचं. निपल घट्ट केल्यावरच 'सोड'. आधी सोडलं की नळीतून हवा आत. सहसा लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे मागचं डावं. डबा मध्ये रिकामा होऊ द्यायचा नाही, नाहीतर पहिल्यापासून. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, असलेल्या काही गाड्यांना स्कॅनर लावावा लागतो, तिथे घरी हात घालू नका. मडगार्डवर थेंब सांडला तर लगेच भरपूर पाणी ओता, रंग सोलून काढतं ते.

लेव्हल खाली गेली म्हणून डोळे मिटून भरूही नका. डिस्कवर घासणारे ब्रेक पॅड झिजले की ती आपसूक उतरते. आधी पॅड बघा, मग गळती.

आणि घाट ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा.

प्रश्न : २००९ ची इनोव्हा. गाडी वळवताना स्टिअरिंग घुं घुं करतं. शेजारी म्हणतात, ब्रेक ऑइलच घाला, दोन्ही हायड्रॉलिकच. घालू का? (इचलकरंजी)

उत्तर : अजिबात नाही, दादा. शेजाऱ्यांचा दोष नाही, आपण दोन्हींना 'ऑइल'च म्हणतो. त्याच शब्दाने मलाही फसवलंय. सतरा वर्षांचा होतो, नवाच हेल्पर. पद्मिनीच्या ब्रेकच्या डब्यात मी इंजिन ऑइल भरलं. दोन दिवसांनी गाडी ढकलतही परत आली नाही, टोचन करून आणली. रबरी वॉशर भिजवलेल्या वालासारखे फुगलेले, चारही चाकं धरून बसलेली. सगळे वॉशर नवे, सगळे पाइप धुतले आणि उस्तादांनी आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं. ब्रेकचं रबर खनिज तेल सोसत नाही, आणि स्टिअरिंगच्या पंपाला तेलाचं वंगण लागतं. ब्रेक ऑइलमध्ये ते नाही.

तुमच्या गाडीला डेक्स्रॉन २ किंवा ३ दर्जाचं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल ऑइल लागतं. काही युरोपियन गाड्यांचं हिरवं असतं, ते यात नको. आधी डबा बघा. लेव्हल कमी किंवा फेस दिसला तर हवा शिरलीय. होजचे जोड आणि चाकं वळवणाऱ्या दांड्याचे, म्हणजे रॅकचे, रबरी बूट चाचपा, ओले लागले तर गळती तिथे. ऑइल काळं असेल तर मोठ्या सिरिंजने डब्यातलं ओढा, नवं भरा, इंजिन चालू करून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, बंद करून पुन्हा ओढा. तीन-चार फेऱ्यांत लाली दिसायला लागते. टोकाला नेऊन दाबून धरू नका, पंप तिथेच रडतो.

प्रश्न : माझी वॅगन-आर २०२१ ची. सर्व्हिसिंगच्या बिलात 'पॉवर स्टिअरिंग ऑइल, ४५० रुपये' आहे. बॉनेट उघडून डबा शोधला, सापडेना. कुठे असतो? (सातारा)

उत्तर : नसतो, ताई. तुमचं स्टिअरिंग विजेच्या मोटरवर चालतं. बिल घेऊन परत जा, बॉनेट उघडा आणि त्यांनाच दाखवायला सांगा.