पाळी चालू असताना संबंध आले तर दिवस राहत नाहीत, हे खरं आहे का? आणि त्याने काही आजार होतो का?

दिवस राहू शकतात. शक्यता कमी असते, पण शून्य नसते, आणि दोघे निरोगी असतील तर अशा संबंधाने आजार होत नाही. बीजांड साधारणपणे पुढची पाळी येण्याच्या १४ दिवस आधी बाहेर पडतं. पाळीचं चक्र २१ दिवसांचं असेल तर पाळी सुरू झाल्यापासून मोजता तो दिवस सातव्याच्या आसपास येतो, आणि शुक्राणू शरीरात ५ दिवसांपर्यंत टिकतात. म्हणजे पाचव्या दिवशी संबंध आले तरी ते बीजांडाची वाट पाहत थांबलेले असू शकतात. शिवाय दोन पाळ्यांच्या मधे होणाऱ्या रक्तस्रावालाही काही जणी पाळी समजतात, तिथे हिशेब पुरताच चुकतो. मूल नको असेल तर या दिवसांतही निरोध वापराच. ‘खराब रक्त’, ‘पुरुषाची ताकद जाते’ या समजुतींना काहीही आधार नाही; ते रक्त म्हणजे गर्भाशयाचं सुटलेलं अस्तर आणि साधं रक्त. मात्र जोडीदारापैकी कुणाला एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी असेल, तर रक्तामुळे संसर्गाचा धोका वाढतो, हे हलक्यात घेऊ नका. पाळीचं रक्त शोषायला किंवा साठवायला योनीत ठेवलेला टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप आत असेल तर आधी काढा. आणि तिची मनापासून इच्छा नसेल, पोट दुखत असेल, तर विषय तिथेच संपतो. संबंधाच्या वेळी दरवेळी दुखत असेल किंवा पाळी नसतानाही रक्त जात असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.