दंडाचे हाड मोडले: यू-स्लॅब की लोंबते प्लॅस्टर?

प्रश्न: रामकुंडाजवळच्या पायऱ्यांवरून घसरून माझ्या सासूबाईंच्या (वय 64) उजव्या दंडाचे हाड मधोमध मोडले. डॉक्टरांनी काखेतून कोपराला वळसा घालून खांद्यापर्यंत जाणारा प्लॅस्टरचा यू-स्लॅब घातला असून सूज उतरल्यावर ब्रेस (दंडाभोवती बांधायचा आधारपट्टा) देणार आहेत. सासऱ्यांना मात्र तरुणपणी मनगटापर्यंतचे जड, लोंबते प्लॅस्टर घातले होते आणि त्यांचे हाड उत्तम जुळले. म्हणून तेच घालून घ्यावे असा त्यांचा आग्रह आहे. योग्य काय?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: सासऱ्यांचा अनुभव खरा आहे, पण तो त्यांच्या हाडाचा आहे. लोंबते प्लॅस्टर स्वतःच्या वजनाने हाडाचे खालचे टोक खाली ओढते. त्यामुळे तिरके किंवा पिळाचे मोड होऊन टोके एकमेकांवर चढली असतील, तर त्याचा उपयोग होतो. मोड आडवा असेल, तर हीच ओढ टोकांमध्ये फट पाडते आणि हाड जुळणे लांबते. शिवाय हात दिवसरात्र लोंबता राहावा लागतो, म्हणजे झोपही बसल्या बसल्याच घ्यावी लागते. कोणी मायेने कोपराखाली उशी सरकवली की ओढ संपलीच. चौसष्टाव्या वर्षी हे आठवडेच्या आठवडे पाळणे कठीण असते, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांची निवड मला पटते.

यू-स्लॅबचेही दोष आहेत. सूज उतरली की तो सैल पडून खाली घसरतो, आणि काखेत घाम साचून कातडी सोलवटते. म्हणून काखेतली कापसाची गादी कोरडी ठेवावी आणि स्लॅब सरकल्यास घरी न आवळता डॉक्टरांना दाखवावा. त्याचे काम पहिल्या एक-दोन आठवड्यांपुरते, वेदना कमी करून हात धरून ठेवण्याचे आहे. पुढे ब्रेस दंडाचे स्नायू चहूबाजूंनी दाबून हाडाला आधार देतो आणि कोपर मोकळे ठेवतो. एक्स-रेत हाड थोडे वाकडे दिसले तरी घाबरू नये. खांदा भरपूर फिरत असल्याने पुढेमागे 20 अंशांपर्यंतचा बाक सहसा खपून जातो.

मनगट आणि बोटे वर उचलता येतात का, हे मात्र रोज पाहावे. या हाडाला वळसा घालून जाणारी रेडियल नस (मज्जातंतू) अशा दुखापतींपैकी सुमारे दहांत एकात दुखावते. बहुतेकांची ती आपोआप सुधारते, परंतु मनगट लुळे पडल्यास किंवा बोटे गार, निळसर झाल्यास पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.