थायलंड, जपान, कोरियात इंग्रजी शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकांचा दर्जा खरंच कसा असतो?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. कोणीही गोरा माणूस उठतो, तिकडे जातो आणि शिक्षक होतो, हे खरं आहे का? आणि तुमची बी.एड. झालेली भाची जायचं म्हणतेय, तर तिला तिथे किंमत मिळेल का? मी सातारा जिल्ह्यात सहा वर्षं माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवलं आणि नंतर चार वर्षं थायलंडच्या ईशान्य भागात, कोराट शहरातल्या एका शाळेत. त्यामुळे थायलंडचं डोळ्यांनी पाहिलेलं सांगते, बाकीच्या देशांचं थोडक्यात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं 'हो' असंच आहे. पण दोष त्या माणसाचा कमी आणि त्याला नेमणाऱ्यांचा जास्त आहे, हे मला तिथे राहून कळलं.

आमच्या शाळेत इंग्लंडहून आलेला २३ वर्षांचा एक मुलगा रुजू झाला. पदवी क्रीडा व्यवस्थापनातली, आणि सोबत इंग्रजी शिकवण्याचं, इंटरनेटवर केलेलं १२० तासांचं प्रमाणपत्र. सकाळी ८ वाजता झेंडावंदन झालं आणि पाऊण तासात त्याला सातवीच्या ४८ मुलांसमोर उभं केलं. पुस्तक नाही, टाचण नाही, आधीच्या शिक्षकाने कुठवर शिकवलंय त्याची नोंद नाही. दोन तास घेऊन तो स्टाफरूममध्ये आला तेव्हा त्याचा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. म्हणाला, "एका मुलीने विचारलं, 'आय एट' आणि 'आय हॅव ईटन' यात फरक काय. मला कुठलं वाक्य कधी वापरायचं ते कळतं, पण का, ते सांगता येत नाही."

त्याच्या इंग्रजीत काहीच खोट नव्हती. भाषा येणं आणि भाषा शिकवता येणं यातलं अंतर त्याला कोणी दाखवलंच नव्हतं. आपल्याकडे बी.एड.ला सराव पाठ घेताना मागे निरीक्षक बसलेले असतात, टाचणावर लाल शेरे मारतात, तेव्हा राग येतो. त्या दिवशी मला त्या शेऱ्यांची किंमत कळली. सेल्टा या केंब्रिजच्या इंग्रजी-शिक्षक प्रशिक्षणासारख्या चांगल्या अभ्यासक्रमातही १२० तासच असतात, पण त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर ६ तास शिकवावं लागतं आणि ते तपासलं जातं. त्याच्या १२० तासांत समोर एकही मूल नव्हतं.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मलाही नीट देता आलं नसतं. ते दिलं आमच्या शाळेतल्या, निवृत्तीला आलेल्या एका थाई बाईंनी. थाई माणसं भेटली की विचारतात, 'गिन खाव रू यांग?' म्हणजे आपल्याकडचं 'जेवलीस का?' उत्तर येतं, 'गिन लेव', म्हणजे जेवून झालंय. कधी जेवली, किती वाजता, हे कोणी विचारत नाही. आत्ता पोट भरलेलं आहे ना, एवढाच मुद्दा. बाई म्हणाल्या, "तो 'लेव' म्हणजेच तुमचं 'हॅव ईटन'. अगदी प्रत्येक ठिकाणी जुळणार नाही, पण सुरुवात इथून करा." थाईत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. 'काल' हा शब्द घातला की काम भागतं, म्हणून मुलं 'येस्टरडे आय गो' म्हणतात. हे ज्याला माहीत नाही तो वर्षभर तीच चूक लाल पेनाने खोडत राहतो. त्या बाई मात्र वर्गात मागे बसून वह्या तपासायच्या आणि परदेशी शिक्षकांपैकी बहुतेकांनी त्यांच्याशी चार वाक्यंही बोललेली नव्हती.

उच्चारांचं तसंच. थाईत शब्दाच्या शेवटी 'स' येत नाही, तिथे त्यांच्या तोंडून 'त'सारखा बंद आवाज निघतो. शेवटचा 'ल' त्यांचा 'न' होतो. त्यामुळे 'बस'चं 'बट' होतं आणि 'स्कूल'चं 'सकून'. मी मुलांना तोंडासमोर तळहात धरायला लावायचे. 'बस' म्हणताना शेवटी हाताला वारा लागला पाहिजे. एक लाजरा मुलगा, कधी तोंड न उघडणारा, त्या दिवशी मधली सुट्टी होईपर्यंत हातावर 'स्स्स' करत फिरत होता.

तो इंग्लंडचा मुलगा पुढचं सत्रभर ऑफ तासाला माझ्या आणि त्या बाईंच्या वर्गात मागे येऊन बसला. टाचण काढायला लागला. दुसऱ्या वर्षी त्याच्या वर्गातली मुलं ऐकून समजण्यात सगळ्यांच्या पुढे होती, कारण त्यांना रोज सहज, खरं बोललं जाणारं इंग्रजी कानावर पडत होतं. ते मी देऊ शकत नव्हते. आणि नेमका तयार झाला तेव्हा तो गेला. पगारवाढ नाही, पुढची वाट नाही, थांबणार कशासाठी? त्याच्या जागी पुन्हा नवा, पुन्हा कोरा. माझ्या एका वर्गाने चार वर्षांत पाच परदेशी शिक्षक पाहिले. दर्जाबद्दल विचाराल तर मला सगळ्यात मोठं नुकसान हे वाटतं.

आता तुमच्या भाचीचं. एम.ए. इंग्रजी, बी.एड., सहा वर्षं अनुभव, तरी माझी मातृभाषा इंग्रजी नाही म्हणून मला टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत किमान ६०० गुणांचा दाखला द्यावा लागला. त्याची तक्रार नाही. तक्रार पगाराची आहे. आमच्या शाळेत गोऱ्या शिक्षकाला महिना ३८ हजार बाथ, मला २६ हजार, आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या फिलिपिनो मैत्रिणीला १८ हजार. ती शिक्षणशास्त्राची पदवीधर, आमच्यातली सगळ्यात चांगली शिक्षिका. मी प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून उतरवून घ्यायला लावत होते, ते बंद करून मुलांना जोडीजोडीने बोलतं करायला तिनेच मला शिकवलं. प्रवेशाच्या पत्रकासाठी फोटो काढायला माणूस आला तेव्हा तिला आणि मला जरा बाजूला उभं राहायला सांगितलं. ती काही बोलली नाही. वर्गात गेली आणि तास घेतला. मला ते अजून विसरता आलेलं नाही.

बाकीच्या देशांत दार वेगवेगळ्या मापाचं आहे. दक्षिण कोरियाचा भाषाशिक्षकाचा व्हिसा इंग्रजीसाठी मुख्यतः ७ देशांच्या पासपोर्टवर मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. जपानचा सरकारी 'जेट' कार्यक्रम १९८७ पासून चालू आहे. त्यातले परदेशी तरुण सहायक शिक्षक असतात, कुठलीही पदवी चालते, अध्यापनाची अट नाही. जपानी शिक्षकासोबत वर्ग घेणं ही त्यातली चांगली कल्पना, पण जोडी जमली तरच. खाजगी संस्थांतून जायचं तर तिथे १२ वर्षं इंग्रजी माध्यमातून शिकल्याचा पुरावा मागतात. मी मराठी माध्यमाची, त्यामुळे माझ्यासाठी जपान तिथेच संपला. चीनने २०२१ मध्ये खाजगी शिकवण्यांवर कडक नियम आणले आणि परदेशात बसून चिनी मुलांना ऑनलाइन शिकवणाऱ्यांचं कामच गेलं.

म्हणून भाचीला थायलंडला जायचं असेल तर जाऊ द्या, पण पर्यटक व्हिसावर 'आधी ये, मग बघू' म्हणणाऱ्या एजंटाकडून मुळीच नाही. नॉन-बी व्हिसा (नोकरीसाठी लागतो तो) आणि वर्क परमिट कोण काढून देणार हे लेखी घ्यावं. बी.एड. तिथे खरोखर उपयोगी पडतं. ते नसलेल्यांना शिकवण्यासाठी दोन-दोन वर्षांची तात्पुरती परवानगी घ्यावी लागते. मुलाखतीत वर्गात मुलं किती, पुस्तक कुठलं आणि सोबत थाई शिक्षक असतील का, हे तिने स्वतः विचारावं. यावर उत्तर मिळालं नाही तर ती शाळा सोडून द्यावी.

आणि निघण्याआधी महिनाभर थाई लिपी शिकावी. इंग्लंड-अमेरिकेच्या लोकांना ती डोंगरासारखी वाटते. आपल्याला तिचा क्रम ओळखीचा आहे: आधी कंठातले वर्ण, मग तालूचे, पुढे दातांचे, ओठांचे, आपल्या क, च, ट, त, प सारखेच. भाषेला ते 'फासा' म्हणतात, आणि शाळेत मुलं तिला ज्या शब्दाने हाक मारतील तो 'ख्रू' आपल्या 'गुरु'वरूनच आला आहे.