गोल्फच्या स्विंगमध्ये क्लब (काठी) मागे नेताना उजवा गुडघा वाकलेलाच ठेवायचा की सरळ होऊ द्यायचा?

दोन्ही चालतं, कंबर किती वळते त्यावर ठरवा. (उजव्या हाताने खेळता असं धरतोय.) कंबर सहज वळत असेल तर उजव्या गुडघ्याचा बाक बराचसा टिकवा. अंग आखडलेलं असेल, चाळिशी उलटली असेल, तर तो थोडा सरळ होऊ द्या, म्हणजे कंबरेला वळायला जागा मिळते. पार ताठ मात्र नको. १८ मेजर (गोल्फच्या सर्वात मोठ्या स्पर्धा) जिंकलेला जॅक निकलॉस तर क्लब मागे नेताना डावी टाचही उचलायचा, त्यामुळे डावा गुडघा आत आला तर घाबरू नका.

खरी चूक म्हणजे उजवा गुडघा बाहेर, उजवीकडे सरकणं. गुहागरसारख्या समुद्रकाठच्या गावी राहता का? मग ओहोटीला ओल्या, घट्ट पुळणीवर अनवाणी, चेंडूशिवाय स्विंग करा. क्लब वर पोचल्यावर थांबा आणि उजवा पाय बघा. बाहेरची कड खोल रुतली असेल तर गुडघा सरकलाय. वजन आतल्या बाजूला, टाचेकडे हवं.

खाली येताना डावा गुडघा सरळ होत जातो, उजवा त्याच्याकडे वळतो. कातळावर हा सराव नको, पाय सटकतो. गुडघा आधीच दुखत असेल तर पहिल्यांदा डॉक्टर.