निळ्या डब्यातलं पुढे काय होतं?

प्रश्न : उन्हाळ्यात मुलाकडे ओहायोला राहून आले. तिथे कागद, काच, प्लास्टिक, ॲल्युमिनियमचे कॅन, सगळं एकाच निळ्या डब्यात टाकतात. त्यातल्या किती वस्तू खरोखर पुन्हा वापरात येतात? पूर्वीपेक्षा प्रमाण वाढलंय का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, वाढलंय, पण सगळ्यांचं सारखं नाही. अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेकडे सगळ्या देशाचा 1960 पासूनचा हिशोब आहे. कागद-पुठ्ठा तेव्हा 17 टक्के परत यायचा, 2018 मध्ये 68. काच दीड टक्क्यावरून 25 वर आली. प्लास्टिक शून्यावरून निघून जेमतेम 9 पर्यंत पोचलं. प्लास्टिकवर छापलेल्या त्रिकोणी बाणांवर फार विसंबू नका, ते छापले म्हणजे वस्तू पुन्हा वापरात येतेच असं नाही.

कागदाबद्दल मी जरा पक्षपातीच, नोकरी कागद गिरणीत झाली. अमेरिकन रद्दी आमच्याकडे गासड्यांनी यायची. पुठ्ठा चांगला, लांब तंतूचा, म्हणून गिरण्या पैसे मोजून घेतात. गिऱ्हाईक आहे, म्हणून टक्का वाढला. पण गासडी फोडली की काचेचा चुरा निघायचा. एकाच डब्याची सोय माणसाला, त्रास यंत्राला! काच जड, वाहतूक महाग, त्यात रंगांची सरमिसळ. तिचा टक्का रेंगाळतो तो त्यामुळे. चिप्सच्या पाकिटाला तर आपला भंगारवालाही हात लावत नाही. थरावर थर चिकटवलेले, वेगळे कोण करणार?

2018 मध्ये चीनने मिसळ रद्दी आणि बरंचसं टाकाऊ प्लास्टिक घेणं बंद केलं, तेव्हा कित्येक अमेरिकन गावांना हा माल खपवायचा कुठे हेच कळेना.

माझा भरवसा अनामत रकमेवर. अमेरिकेतल्याच ऑरेगन राज्यात 1972 पासून बाटली परत केली की आधी भरलेले पैसे परत मिळतात. पाच सेंटला कोणी विचारेना, परतीचं प्रमाण 65 टक्क्यांच्या आसपास घसरलं. 2017 मध्ये अनामत दहा सेंट केली आणि दोन-तीन वर्षांत ते 80 च्या वर गेलं. आपल्याकडे सोड्याच्या बाटलीला डिपॉझिट असायचं, तोच हिशोब. ओहायोत मात्र असा कायदा नाही.

मुलाला एवढंच सांगा : खोकी कोरडी ठेवून सपाट करायची, कॅन जरूर टाकायचे, आणि तेलाने चिंब झालेलं पिझ्झाचं खोकं निळ्या डब्यात नको. तेल लगद्यातून निघता निघत नाही, आमचे फोरमन त्यावरून फार शिव्या घालायचे.