सिलिंडरचा नंबर आणि डोळ्यांचा दाब

प्रश्न : माझे वय ४६ वर्षे असून वडिलांना काचबिंदू असल्यामुळे मी दरवर्षी डोळ्यांचा दाब तपासून घेते. यंदा चष्म्याच्या दुकानात हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्रावर उजव्या डोळ्याचा दाब २२ (मिलिमीटर पारा) आला आणि त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे निळ्या प्रकाशात तपासल्यावर १७ भरला. मला साडेचारचा सिलिंडर नंबर (चष्म्याचा एका ठरावीक दिशेपुरता असणारा नंबर) आहे. यातला खरा दाब कोणता मानावा? – एक वाचक, सातारा

उत्तर : डोळ्याच्या आतला दाब यांपैकी कोणतेही यंत्र थेट मोजत नाही. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, बाहेरच्या जोराला किती दाद देतो हे पाहून यंत्र दाबाचा अंदाज बांधते. त्यामुळे कॉर्नियाची जाडी, ताठरपणा आणि आकार त्या आकड्यात उतरतातच.

नेत्रतज्ज्ञांनी वापरलेला गोल्डमन टोनोमीटर कॉर्नियाचा ३.०६ मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट करायला लागणारा जोर मोजतो. त्याचा हिशेब सुमारे ५२० मायक्रॉन जाडीच्या कॉर्नियावर बेतलेला आहे. कॉर्निया जाड किंवा अधिक बाकदार असेल तर आकडा वाढीव येतो; पातळ असेल, किंवा लेसिकनंतर (चष्मा घालवण्याच्या लेसर शस्त्रक्रियेनंतर) पातळ आणि सपाट झाला असेल, तर तो खऱ्या दाबापेक्षा कमी येतो. ही दुसरी चूक मला अधिक घातक वाटते, कारण ती रुग्णाला निर्धास्त करते.

आपला सिलिंडर नंबर कॉर्नियाच्या आकारामुळे असेल, तर त्याचा बाक दोन दिशांना असमान असतो आणि सपाट होणारा भाग वर्तुळाऐवजी लंबगोल होतो. उभ्या दिशेचा बाक जास्त असल्यास दाब कमी दिसतो, आडव्या दिशेचा जास्त असल्यास वाढीव दिसतो. हा फरक साधारण चार नंबरांमागे १ मिलिमीटर पारा इतका असतो. म्हणूनच सिलिंडर तीनच्या पुढे असल्यास यंत्राचा प्रिझम (कॉर्नियाला टेकणारे काचेसारखे टोक) फिरवून त्यावरचा कमी बाकाच्या दिशेचा अंश धारकावरच्या लाल खुणेशी जुळवतात, किंवा प्रिझम आडवा आणि उभा ठेवून दोन मोजमापे घेतात व त्यांची सरासरी काढतात. आपल्या बाबतीत असे केले होते का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

मात्र पाचचा फरक एवढ्याने भरून निघत नाही. हवेच्या झोताचे मोजमाप काही मिलिसेकंदांत उरकते, आणि दाब नाडीच्या ठोक्यागणिक वरखाली होत असल्याने एखादा झोत नेमका चढता दाब पकडतो. पापण्या आवळल्या तरी आकडा वाढतो. शिवाय या यंत्रावर जाडीचा प्रभावही मोठा असतो. कॉर्नियाच्या आकाराशी जुळेल अशा अंतर्वक्र टोकाच्या कंटूर टोनोमीटरवर हा प्रभाव बराच कमी असतो, पण ते यंत्र सर्वत्र मिळत नाही.

तूर्त गोल्डमनचा १७ हा आकडा आधाराला घ्यावा आणि पॅकिमेट्री करून कॉर्नियाची जाडी नोंदवून ठेवावी. जाडीवरून दाब 'दुरुस्त' करणारी सूत्रे एकेका रुग्णासाठी भरवशाची नाहीत, त्यामुळे स्वतः बेरीज-वजाबाकी करू नये. दाब २१ च्या आत, म्हणजे नेहमीच्या मर्यादेत असतानाही काचबिंदू होऊ शकतो. वडिलांचा आजार पाहता दृष्टिमज्जेची (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेची) तपासणी, ओसीटी (डोळ्याच्या आतल्या थरांचे स्कॅन) आणि दृष्टिक्षेत्राची चाचणी करून घ्यावी, आणि दरवर्षीच्या दाबाच्या आकड्यापुढे यंत्राचे नाव व वेळ लिहून मागावी.